मोबाइलवरून चेक जमा होत नाही? आधी फोटो नाकारला की चेक, ते ओळखा

अमेरिकन बँकेच्या ॲपमधून चेक टाकताना पुन्हा पुन्हा दिसणारी लक्षणं अशी:

- चौकटीत चेक दिसतो, पण ॲप फोटो घेतच नाही. ‘जवळ या’, ‘हलवू नका’, ‘उजेड कमी आहे’ असं सांगत राहतं.
- फोटो निघतो, पण चारही कोपरे दिसत नाहीत किंवा खालचे आकडे वाचता येत नाहीत असा संदेश येतो.
- मागे सही केलेली असूनही सही नाही म्हणतं.
- टाकलेली रक्कम आणि चेकवरची रक्कम जुळत नाही म्हणतं.
- सबमिट केल्यावर चक्र फिरत राहतं, ॲप बंद पडतं आणि चेक गेला की नाही ते कळत नाही.
- मर्यादा ओलांडल्याचा संदेश येतो, किंवा हा चेक मोबाइलवरून घेता येणार नाही असं येतं.
- आधी ‘मिळाला’ असा ईमेल येतो, मग काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ‘स्वीकारला नाही’ असा.
- शिल्लक वाढलेली दिसते, पण पैसे काढता येत नाहीत.
- पैसे जमा होतात, वापरलेही जातात आणि आठवड्याभराने तेवढीच रक्कम खात्यातून वजा होते.

या यादीत दोन वेगळे आजार मिसळले आहेत. एकात ॲपला फोटो वाचता येत नाही. दुसऱ्यात फोटो व्यवस्थित वाचला गेलेला असतो, पण बँकेला तो चेक मान्य नसतो किंवा त्यावर लगेच पैसे द्यायचे नसतात. पहिल्यावर टेबल, दिवा आणि पेन हे उपाय. दुसऱ्यावर पन्नास फोटो काढले तरी काही होत नाही. ओळखायची खूण म्हणजे वेळ. नकार काही सेकंदांत आला तर बहुधा फोटो, तासांनी किंवा दिवसांनी आला तर चेक. मर्यादेचा संदेश तेवढा याला अपवाद, तो लगेचच येतो.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्यापासून सुरू होतात. क्रम मोडू नका, कारण सगळ्यात महाग चूक पहिल्याच पायरीवर होते.

चेक आधीच गेलेला नाही ना?

ॲप मध्येच बंद पडलं की लगेच पुन्हा फोटो काढावासा वाटतो. थांबा. ॲप पूर्ण बंद करून उघडा, चेक डिपॉझिटचा इतिहास पाहा, खात्याच्या व्यवहारांत ‘पेंडिंग’ काही दिसतं का पाहा आणि ईमेल तपासा. कुठेच नोंद नसेल तर तासभर थांबून पुन्हा एकदा पाहा.

कारण असं की तोच चेक दोनदा गेला तर बहुतेक बँकांचं ॲप तो ओळखून अडवतं, पण नेहमी नाही. दुसऱ्यांदा गेलेला चेक पुढे चेक देणाऱ्याच्या बँकेत पकडला जातो, ती रक्कम तुमच्या खात्यातून परत घेतली जाते आणि तुमच्या नावावर दुबार जमेची नोंद राहते. हेतू साधा असला तरी खात्यावरची मोबाइल डिपॉझिटची सोय बंद होऊ शकते. फोनवरून टाकलेला चेक शंकेपोटी एटीएममध्ये टाकणं ही तीच चूक.

फोटो: ॲपला चेक काळा-पांढरा दिसतो

इथे थोडी यंत्रणा समजून घेतली तर बराच त्रास वाचतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत विमानं जमिनीवर राहिली आणि तेव्हा विमानांतून बँकाबँकांत फिरणारे कागदी चेकही अडकून पडले. त्यानंतर २००३ मध्ये ‘चेक २१’ कायदा झाला आणि २८ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. चेकच्या प्रतिमेवरून छापलेली ठरावीक नमुन्याची प्रत मूळ चेकइतकीच कायदेशीर ठरली आणि बँकांमध्ये कागदाऐवजी प्रतिमा फिरू लागल्या. २००९ मध्ये यूएसएए या बँकेने आयफोनवरून चेक भरायची सोय दिली, मग बाकीच्या बँका त्या वाटेने आल्या.

बँकांमध्ये फिरणारी ही प्रतिमा रंगीत नसते. ॲप आधी चेकच्या कडा शोधतं, तिरका चेक सरळ करतं आणि मग प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा नाहीतर पूर्ण पांढरा करून टाकतं. मधली करडी छटा उरत नाही. त्यामुळे फिकट निळ्या जेलपेनची सही पांढरी होऊन नाहीशी होते, हाताची हलकी सावली काळा डबरा होते आणि चेकवर छापलेला डोंगर किंवा झेंडा रकमेवर चढतो. डोळ्याला झकास दिसणारा फोटो नाकारला जातो तो बहुतेक वेळा यामुळे. खालची प्रत्येक सूचना या एकाच गोष्टीतून निघते.

भिंग आधी पुसा. खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यावर बोटांचा तेलकट थर असतो आणि त्याने बारीक आकड्यांच्या कडा पसरतात. चष्म्याचं फडकं किंवा मऊ सुती कापड पुरतं.

चेक गडद, एकरंगी आणि न चमकणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा. पांढऱ्या टेबलावर फिकट चेकची कड सापडत नाही. स्वयंपाकघरातला ठिपक्यांचा ग्रॅनाइट ओटा, नक्षीचं टेबलक्लॉथ आणि फुलाफुलांची चादर त्याहून वाईट, कारण ॲप नक्षीतल्या रेघांनाच कडा समजतं. काळी फाइल किंवा गडद निळा टीशर्ट सपाट पसरून चालतो. चेकच्या चारही बाजूंना इंचभर रिकामी जागा सोडा. शेजारी पेन, पाकीट, दुसरा कागद काही नको.

उजेड भरपूर हवा, पण पसरलेला. दिवसा खिडकीपाशी, उन्हाची तिरीप चेकवर न पडता. रात्री छताचा दिवा पाठीमागे असेल तर फोनची सावली नेमकी रकमेच्या चौकटीवर येते, म्हणून वळून दिव्याकडे तोंड करा किंवा दोन बाजूंना दोन दिवे लावा. फ्लॅश बंदच ठेवा. चकचकीत कागदावर मधोमध पांढरा ठिपका पडतो आणि त्याखाली जे असेल ते पुसलं जातं.

फोन आडवा आणि चेकच्या बरोबर वर, साधारण १० ते १२ इंचांवर धरा. ‘जवळ या’ हा संदेश इथे फसवतो. मोठ्या सेन्सरच्या नव्या फोनचा मुख्य कॅमेरा फार जवळच्या वस्तूवर फोकस होत नाही आणि काही फोन जवळ नेल्यावर आपोआप रुंद भिंगावर जातात, ज्यात चेकच्या कडा वाकतात. फोटो धूसर येत असेल तर जवळ न जाता दोन इंच वर जा. हात थरथरत असेल तर पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या दोन थप्प्या करून फोन त्यांवर पुलासारखा ठेवा. एरवी फोन स्थिर धरता येत नाही अशा वडीलधाऱ्यांनाही हे जमतं. ॲपचा आपोआप फोटो घेण्याचा पर्याय अडून बसला तर तो बंद करून बटणाने फोटो घ्या.

चेक सपाट करा. पाकिटात तिघडी होऊन आलेल्या चेकची घडी नेमकी खालच्या आकड्यांतून गेलेली असते. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. इस्त्री फिरवू नका, लेझर प्रिंटरने छापलेली शाई उष्णतेने सुटते. पगाराच्या किंवा विमा कंपनीच्या चेकला वरखाली हिशेबाचा तुकडा जोडलेला असतो. तो छिद्रांच्या रेषेवर घडी घालून, दोन्हीकडे दुमडून मग सावकाश फाडा. तुकडा तसाच ठेवला तर चारऐवजी सहा-आठ कोपरे सापडून ॲप गोंधळतं.

आता तळाची ओळ. एका विशिष्ट ठाशीव लिपीतल्या या आकड्यांत नऊ अंकी राउटिंग नंबर, खाते क्रमांक आणि चेक क्रमांक असतो. व्यक्तीच्या चेकवर राउटिंग नंबर बहुधा डावीकडे पहिला येतो, कंपन्यांच्या मोठ्या चेकवर बरेचदा चेक क्रमांक आधी येतो. या पट्ट्यात काहीही लिहिलेलं नको. चेक देणाऱ्याच्या लांबलचक सहीची शेपटी खाली उतरून दोन आकड्यांवरून गेली की फोन हमखास हरतो. तुमच्या बाजूने यावर काही करता येत नाही, खाडाखोड तर मुळीच करू नका. पण हे आकडे चुंबकीय शाईने छापलेले असतात. बँकेच्या शाखेतलं यंत्र ते चुंबकाने वाचतं आणि वरून गेलेली साध्या पेनाची रेघ त्याला आड येत नाही. असा चेक सरळ शाखेत न्या.

हे सगळं नीट करून तीनदा नकार आला तर चौथा फोटो काढू नका. दोष कागदात आहे. शाखेत किंवा बँकेच्या एटीएममध्ये टाका.

चेकची मागची बाजू

सही केलेली असूनही ती सापडत नाही म्हणतं तेव्हा तीन कारणं पाहा. पेन फिकं आहे, सही चुकीच्या टोकाला आहे किंवा फोटो उलटा आहे. मागे एका टोकाला सुमारे दीड इंचाची जागा तुमच्यासाठी असते, त्याखाली ‘या रेषेखाली लिहू नये’ असं छापलेलं असतं. काळं किंवा गडद निळं बॉलपेन वापरा. मार्कर नको, तो पुढच्या बाजूला फुटतो.

त्या दीड इंचात सही आणि तिच्याखाली इंग्रजीत ‘फॉर मोबाइल डिपॉझिट ओन्ली’, पुढे ‘ॲट’ आणि बँकेचं नाव. काही बँकांना खाते क्रमांकही लागतो. नेमकी शब्दरचना ॲपमध्ये दिलेली असते, तीच उतरवा. ही ओळ निव्वळ औपचारिकता वाटते, तशी ती नाही. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या फेडरल नियमानुसार, एका बँकेने फोटोवरून आणि दुसऱ्या बँकेने मूळ कागदावरून तोच चेक घेतला तर नुकसानीची भरपाई फोटो घेणाऱ्या बँकेकडे मागता येते. कागदावर ही ओळ लिहिलेली असेल तर मात्र दुसऱ्या बँकेला तसा दावा करता येत नाही. म्हणून बँका या ओळीबाबत हट्टी असतात. काही चेकवर मागे मोबाइल डिपॉझिटसाठी छोटी चौकट छापलेली असते. तिथे खूण केली तरी ओळ लिहाच.

एक खबरदारी: मर्यादा, नावं आणि चेकचा प्रकार तपासल्याशिवाय ही ओळ लिहू नका. ॲपने चेक घ्यायला नकार दिला आणि तुम्ही तो दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं, तर तिथला कर्मचारी ती ओळ बघून परत पाठवेल.

सही तुमच्या खात्यावरच्या नमुन्यासारखी. नमुनाच मराठीत दिला असेल तर सही मराठीत करा, पण शेजारी इंग्रजी छापील अक्षरांत नाव लिहा.

रक्कम आणि तारीख: आपल्या हाताच्या सवयी

देशी मित्राने किंवा नातेवाइकाने लिहून दिलेला चेक असेल तर इथे जास्त लक्ष द्या. भारतातल्या चार सवयी अमेरिकन चेकवर अडतात.

तारखेची सवय सगळ्यात घातक. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. कोणी ५ डिसेंबरला 05/12 लिहिलं तर बँकेला तो १२ मे वाटतो, म्हणजे जवळजवळ सात महिने जुना चेक. सहा महिन्यांपेक्षा जुना साधा चेक वटवायला बँक बांधील नसते, त्यामुळे तो शिळा म्हणून परत येतो. जानेवारीच्या ४ तारखेचा 04/01 हा १ एप्रिलचा, म्हणजे पुढच्या तारखेचा चेक होतो. तारीख तुम्ही बदलू नका, देणाऱ्याकडून नवा चेक मागा. स्वतः लिहिताना महिन्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिणं हा मला सर्वांत सुरक्षित उपाय वाटतो.

दुसरी सवय रकमेपुढे ‘/-’ काढण्याची. यंत्र ती तिरकी रेघ १ समजू शकतं आणि ५०० चे ५००१ होतात. सेंट नसले तरी 500.00 असं पूर्ण लिहिलेलं हवं. अक्षरी ओळीत डॉलरनंतर सेंट शंभराच्या अपूर्णांकात लिहितात. आकडा आणि अक्षरं यांत फरक पडला तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी धरतात. तुम्ही ॲपमध्ये आकडा टाकला आणि अक्षरांत वेगळं असेल, तर जमा अक्षरांप्रमाणे दुरुस्त होते किंवा चेक परत येतो. तिसरी सवय स्वल्पविरामाची: एक लाख डॉलर इथे 100,000 असे लिहितात, 1,00,000 असे नाही. चौथी, डाव्या कोपऱ्यातल्या दोन तिरक्या रेघा. इथल्या व्यवहारात त्यांना काही अर्थ नाही, आणि त्या नावावर किंवा बँकेच्या पत्त्यावर चढल्या तर नुसता अडथळा होतो.

ॲप, परवानगी आणि तुम्ही कुठे आहात

कॅमेऱ्याच्या जागी काळा पडदा दिसत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी आहे का पाहा. ॲप अद्ययावत करा, फोन बंद करून चालू करा, वायफाय क्षीण असेल तर मोबाइल डेटावर जा. व्हीपीएन बंद करा. कंपनीच्या कामाचा व्हीपीएन किंवा फोनवर कंपनीचं नियंत्रण असेल तर स्वतःचा दुसरा फोन वापरून पाहा.

सुट्टीत पुण्याला किंवा मडगावला आलात आणि तिथून चेक टाकायचा प्रयत्न केलात तर नकाराचं कारण जागा असू शकतं. अनेक बँकांच्या करारात मोबाइल डिपॉझिट अमेरिकेतूनच करावं अशी अट असते. अमेरिकेतल्या रूममेटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोचा फोटो काढून टाकू नका. मूळ कागद तुमच्या हातात असणं ही अट असते आणि पडद्याच्या फोटोतल्या जाळीदार रेघा लगेच ओळखू येतात. रूममेटला लॉगिन देणं तर नकोच. चेकची मुदत शिल्लक असेल तर परत येईपर्यंत थांबा, नाहीतर देणाऱ्याला सांगून रक्कम थेट खात्यात मागवा.

मर्यादा आणि वेळ

प्रत्येक खात्याला दिवसाची आणि बहुधा मागच्या ३० दिवसांची मर्यादा असते. ती चेक टाकायच्या पडद्यावर किंवा त्याच्या माहितीच्या चिन्हाखाली दिसते. नवीन खात्याला ती बरीच कमी असते. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना आणि पहिल्या नोकरीचा जॉइनिंग बोनस चेकने मिळालेल्यांना हे नेमकं नडतं. ३० दिवसांची मर्यादा सरकती असेल तर ती महिन्याच्या १ तारखेला शून्य होत नाही, जुना चेक ३० दिवसांपलीकडे गेल्यावर तेवढी जागा मोकळी होते. एकच चेक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर तो फोनवरून जाणारच नाही. शाखेत जा. मर्यादा वाढवायची विनंती फोनवर करता येते, पण एका चेकसाठी तेवढा वेळ घालवू नये.

वेळेचं थोडक्यात: प्रत्येक बँकेची दिवसाची शेवटची वेळ ठरलेली असते आणि ती कोणत्या टाइम झोनची आहे ते पाहावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला संध्याकाळी सहा वाजता टाकलेला चेक न्यू जर्सीच्या घड्याळाने नऊचा असतो. शुक्रवारी त्या वेळेनंतर गेलेला चेक सोमवारचा धरतात, सोमवारी फेडरल सुट्टी असेल तर मंगळवारचा.

नावं: इथे फोटोचा काही संबंध नाही

‘मिळाला’ म्हणून नंतर नाकारलेल्या चेकमध्ये नावाचा घोळ फार वेळा सापडतो आणि मराठी नावांना तो जास्त होतो. पासपोर्टमध्ये नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव एकाच रकान्यात असतं, त्यामुळे पगाराच्या चेकवर तिन्ही नावं येतात आणि बँकेत दोनच असतात. व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) आलेलं असेल तर चेकवरही तेच येतं. लग्नानंतर आडनाव बदललं, पण कंपनीच्या नोंदीत माहेरचंच राहिलं. स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ कमी-जास्त.

उपाय ठरलेला आहे. मागे आधी चेकवर छापलंय तसं नाव लिहून सही करा, त्याखाली खात्यावर आहे तसं नाव लिहून पुन्हा सही. चुकीच्या स्पेलिंगच्या नावाने, खऱ्या नावाने किंवा दोन्हींनी सही करणं कायद्याला मान्य आहे, पण पैसे देणारी बँक दोन्ही मागू शकते. म्हणून दोन्ही कराच. फरक एका अक्षराचा असेल तर ॲपमधून जातं. पूर्ण आडनावच वेगळं असेल तर ओळखपत्र आणि विवाह प्रमाणपत्र घेऊन शाखेत जा, आणि बँकेतलं नाव एकदाच दुरुस्त करून घ्या.

एकापेक्षा जास्त नावं असतील तर मधला शब्द वाचा. ‘ऑर’ असेल तर कोणा एकाची सही पुरते. ‘अँड’ असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि फोनवरून भरायचा तर बहुतेक बँका सगळ्यांची नावं त्याच खात्यावर असावीत असा आग्रह धरतात. ही अडचण तीन ठिकाणी हमखास येते.

अपार्टमेंट सोडताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटचा चेक लीजवरच्या चारही जणांच्या नावे ‘अँड’ लावून येतो. तोपर्यंत एक टेक्सासला, एक सिॲटलला आणि एक नाशिकला परत गेलेला असतो. हा चेक फोनवरून टाकायच्या नादी लागू नका. घरमालकाच्या कार्यालयाला सगळ्यांच्या संमतीचा ईमेल पाठवून चार वेगळे चेक किंवा एकाच्याच नावाचा चेक मागा. घर सोडायच्या आधीच लेखी कळवलं तर हे फार सोपं जातं.

दुसरं ठिकाण म्हणजे संयुक्त टॅक्स रिटर्नचा परतावा. चेक नवरा-बायको दोघांच्या नावे असतो आणि एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या जोडीदाराचं नाव खात्यावर नसतं. शाखेत जाऊन खातं संयुक्त करा, मग दोघांच्या सह्यांनी भरा. सरकारी ट्रेझरी चेकची मुदत एक वर्षाची असते, म्हणजे यासाठी वेळ पुरेसा मिळतो. ३० सप्टेंबर २०२५ पासून फेडरल सरकारने कागदी चेक टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले आहेत, तेव्हा पुढच्या रिटर्नमध्ये थेट जमेसाठी खाते क्रमांक देणंच योग्य.

तिसरं, घराच्या विम्याचा चेक, ज्यावर तुमच्यासोबत गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचंही नाव असतं. इथे तुमच्या सहीने काही होत नाही. कर्ज संस्थेच्या विमा विभागाला फोन करा, ते चेक कसा पाठवायचा ते सांगतील. हा चेक ॲपमध्ये टाकून बघू नका.

दुसऱ्याच्या नावाचा, त्याने मागे सही करून तुम्हाला दिलेला चेकही बहुतेक बँका फोनवरून घेत नाहीत. निधन झालेल्या व्यक्तीच्या नावाचा चेक आला तर तो वारसाच्या खात्यात फोनने टाकू नका. त्यासाठी मालमत्तेचं वेगळं खातं लागतं, शाखेत आणि गरज पडल्यास वकिलाकडे विचारा.

मनी ऑर्डर, ट्रॅव्हलर्स चेक, परदेशी बँकेचा चेक आणि आधी एकदा परत आलेला चेक हेही ॲपमधून बहुधा जात नाहीत. भारतातल्या बँकेच्या रुपयांच्या चेकवर राउटिंग नंबरच नसतो, त्यामुळे अमेरिकन ॲपला तो वाचणं शक्य नाही. आई-वडिलांनी दिलेला असा चेक भारतातल्याच तुमच्या खात्यात भरायला सांगा.

पैसे दिसतात, पण मिळत नाहीत

याला होल्ड म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यात बिघाड काही नसतो. शाखेत भरलेल्या चेकचे पैसे बँक जास्तीत जास्त किती दिवस रोखू शकते, ते फेडरल ‘रेग्युलेशन सीसी’ हा नियम ठरवून देतो. १ जुलै २०२५ पासून साध्या चेकच्या पहिल्या २७५ डॉलरांची मोकळीक पुढच्या कामाच्या दिवशी मिळते, आणि एका दिवशी ६,७२५ डॉलरांच्या वर भरलेली रक्कम बँक जास्त दिवस रोखू शकते. फोनवरून भरलेल्या चेकला बँकेच्या मोबाइल डिपॉझिट करारातल्या वेळा लागतात, आणि त्या याहून लांब असू शकतात. नवं खातं, मोठी रक्कम, आधी परत आलेला चेक आणि खात्यात वारंवार शिल्लक उणे जाणं ही होल्ड लागायची नेहमीची कारणं.

भाड्याची तारीख जवळ असेल आणि रक्कम मोठी असेल तर फोन वापरू नका. शाखेत माणसाच्या हातात चेक द्या, आणि होल्ड लागणार का ते भरण्याआधीच विचारा. होल्ड लागल्यावर दिलेली तारीख उलटून गेली तरच फोन करा, त्याआधी केलेल्या फोनने ती सहसा बदलत नाही.

जमा दिसणं म्हणजे चेक वटणं नव्हे

शेवटचं लक्षण, आठवड्याभराने पैसे परत जाणं, याची साधी कारणं म्हणजे देणाऱ्याच्या खात्यात पैसे नसणं, त्याने चेक थांबवणं किंवा खातं बंद असणं. बँक एक छापील प्रत पाठवते, त्यावर ती चेकची कायदेशीर प्रत असल्याचं लिहिलेलं असतं आणि कारणही दिलेलं असतं. ते कारण वाचून चेक देणाऱ्याशी बोला. ती प्रत पुन्हा ॲपमध्ये टाकू नका.

पण कारण ‘बनावट’ किंवा ‘फेरफार केलेला’ असेल तर प्रकरण वेगळं आहे. बँक तुम्हाला पैसे वापरायला देते तेव्हा चेक खरा असल्याची हमी देत नाही. बनावट चेक उघडकीला यायला आठवडे लागू शकतात, आणि तोवर खर्च झालेली रक्कम तुमच्याच डोक्यावर येते. विद्यार्थ्यांना घरबसल्या कामाच्या नावाखाली येणारे, ऑनलाइन विकलेल्या फर्निचरच्या किमतीपेक्षा जास्त रकमेचे, ‘उरलेले पैसे झेलने (खात्यातून लगेच पैसे पाठवायची अमेरिकन सेवा) परत कर’ म्हणणाऱ्यांचे चेक असेच असतात. कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावाने काढलेला चेक, असला तरीही. खरा चेक लिहिणाऱ्याला तुम्ही उरलेले पैसे परत पाठवण्याची गरज कधीच नसते.

संशय आला तर राउटिंग नंबरची एक घरगुती परीक्षा करता येते. नऊ अंकांना डावीकडून क्रमाने ३, ७, १, ३, ७, १, ३, ७, १ ने गुणा आणि बेरीज करा. ती १० ने भागली गेली पाहिजे. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा 011000015 घेतला तर बेरीज २० येते. बेरीज जुळली नाही तर नंबर खोटा किंवा चुकीचा वाचलेला. जुळली तरी चेक खरा ठरत नाही. तो नंबर चेकवर छापलेल्या बँकेचाच आहे का, ते अमेरिकन बँकर्स असोसिएशनच्या शोधपानावर पाहा. वर एका बँकेचं नाव आणि खाली दुसऱ्या बँकेचा नंबर ही बनावटीची ठळक खूण आहे.

इथे स्वतः काही करू नका, बँकेला फोन करा

चेक दोनदा गेल्याची शंका असेल, ॲपने मोबाइल डिपॉझिट बंद केलं असेल किंवा खातं गोठवलं असेल, जमा झालेली रक्कम चुकीची असेल, चेक बनावट म्हणून परत आला असेल, किंवा तुम्ही न टाकलेला चेक तुमच्या खात्यात दिसत असेल, तर त्याच दिवशी फोन करा. नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेलाच लावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या मदत क्रमांकांत फसवणुकीचे बरेच असतात. चेकच्या दोन्ही बाजूंचे फोटो, जमेचा क्रमांक, तारीख आणि नकाराचा संदेश समोर ठेवा. फसवणूक असेल तर फेडरल ट्रेड कमिशनकडेही तक्रार नोंदवा. बँक दाद देत नसेल तर कन्झ्युमर फायनान्शिअल प्रोटेक्शन ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

चेक स्वीकारल्याचा अंतिम ईमेल आल्यावर, त्याआधी नाही, चेकच्या पुढच्या बाजूवर ‘फोनवरून जमा’ आणि तारीख लिहा. बँकेने सांगितले असतील तेवढे दिवस, अनेकांच्या करारात १४ किंवा ३० असतात, कागद बंद खणात ठेवा. रक्कम पूर्ण मोकळी झाल्याची खात्री करा आणि मग बारीक तुकडे करा. नुसता चुरगळून कचऱ्यात टाकलेल्या चेकवर देणाऱ्याचा खाते क्रमांक आणि पत्ता अजून वाचता येतो.